वारमिंट रायफलची गोळी, तिच्यामागची दारू आणि आपल्याकडचे रानडुक्कर

धुरेकरी

आमचे वावर दारव्हा तालुक्यात आहे. तीन बाजूंना धुरे आणि चौथ्या बाजूला झुडपी जंगल, त्यामुळे तूर शेंगांवर आली की रानडुकरे आणि हरभरा घाट्यांवर आला की रोही (नीलगाय), हा क्रम आमच्याकडे पंचांगाइतका नेमका असतो. वडिलांच्या काळापासून पीकसंरक्षणासाठी परवान्याची बारा बोरची दुनळी घरात आहे. बंदुकीचे माझे ज्ञान तेवढ्यावरच थांबलेले होते. मागील उन्हाळ्यात सहा आठवडे पश्चिम नेब्रास्कात पुतण्याकडे राहण्याचा योग आला. तो स्वतःची काडतुसे घरीच भरतो, आणि त्याच्या टेबलाशी बसून जे समजले ते येथे सविस्तर मांडत आहे, कारण गोळी आणि दारू यांची निवड नेमकी कोणत्या क्रमाने करायची याविषयी माझी समजूत अगदी उलटी होती. मला वाटत असे की आधी जोरदार दारू निवडायची आणि मग तिच्यापुढे गोळी बसवायची.

प्रथम मापाविषयी. तिकडे गोळी आणि दारू दोन्ही ग्रेनमध्ये तोलतात. हे माप परके वाटते, पण आपल्या सोनाराचा जुना तोळा बरोबर 180 ग्रेनांचा आणि 96 गुंजांचा होता, म्हणजे एक गुंज पावणेदोन ग्रेनांहून किंचित अधिक. पुतण्याच्या रायफलची 55 ग्रेनची गोळी साधारण एकोणतीस गुंजा भरते. ग्रॅममध्ये सांगायचे तर साडेतीनच्या थोडे वर. एवढीशी गोळी ध्वनीच्या तिपटीहून अधिक वेगाने जाते, आणि सारी करामत त्या वेगाची आहे.

'वारमिंट' या शब्दाने तिकडे शेताचा व कुरणाचा उपद्रव करणारे लहान प्राणी समजले जातात. प्रेअरी डॉग हा नावाने कुत्रा असला तरी प्रत्यक्षात खारीच्या कुळातला, सुमारे किलोभर वजनाचा, बिळे करून राहणारा प्राणी आहे. कोयोट हा कोल्ह्याहून मोठा आणि लांडग्याहून लहान. या प्राण्यांवर दोनशे-तीनशे मीटरवरून नेम धरायचा असतो. त्यामुळे गोळी सपाट रेषेत जावी, लागताच फुटावी, आणि नेम चुकून जमिनीवर आदळली तरी तिचे तुकडे व्हावेत, अशा तीन अपेक्षा असतात. तिसरी अपेक्षा मला सर्वांत शहाणपणाची वाटली. कुरणात गुरे चरत असतात, आणि दगडावर आपटून उसळलेली अखंड गोळी कुठे जाईल हे कोणी सांगू शकत नाही. म्हणून वारमिंट गोळीचे तांब्याचे कवच मुद्दाम पातळ ठेवतात, आतले शिसे मऊ असते, आणि हॉर्नाडीची व्ही-मॅक्स, सिएराची ब्लिट्झकिंग किंवा नोस्लरची बॅलिस्टिक टिप यांसारख्या गोळ्यांना पुढे प्लास्टिकचे टोक असते. हे टोक हवेत गोळीला अणकुचीदार आकार देते आणि आदळताच मागे रेटले जाऊन कवच फाडते.

गोळी ठरली की मग दारू. येथे मला चुलीची उपमा सुचली आणि पुतण्याने ती मान्य केली. पऱ्हाटीचा जाळ भडकन होतो आणि विझतो, बाभळीचा ओंडका सावकाश पण दमाने जळतो. हलकी गोळी नळीत चटकन पुढे सरकते, म्हणून तिच्यामागे लवकर जळणारी दारू चालते. जड गोळी जागची हलायला वेळ लावते, आणि तिच्यामागे पऱ्हाटी पेटवली तर दाब एकदम चढून रायफल व माणूस दोघांनाही धोका होतो. काडतुसाचे पोट जितके मोठे आणि नळी जितकी अरुंद, तितकी दारू सावकाश जळणारी हवी. म्हणून .223 रेमिंग्टनच्या लहान पोटात एच335 सारखी दारू भरतात, तर .22-250 रेमिंग्टनच्या मोठ्या पोटात एच380 सारखी तिच्याहून सावकाश जळणारी. या एच380 च्या नावाची कथा अशी की ती दारू विकणाऱ्या हॉजडन कंपनीचे संस्थापक ब्रूस हॉजडन यांनी आपल्या .22-250 रायफलमध्ये 52 ग्रेनच्या गोळीमागे ही दारू 38 ग्रेन भरली आणि ते माप इतके जुळले की दारूचे नावच त्यावरून पडले.

आणखी एक गोष्ट ऐकून मी चकित झालो. ही बिनधुराची दारू मुळात कापसाची असते. सरकीला चिकटून राहणारी जी बारीक लव असते, तिच्यावर आम्लांची प्रक्रिया करून नायट्रोसेल्युलोज बनवतात. ज्या कापसाच्या भावासाठी आपण दरवर्षी खरेदी केंद्राच्या रांगेत बैलगाड्या उभ्या करतो, त्याच्या लवेचा असाही उपयोग आहे!

आता माझे तीन प्रश्न आहेत. अशी हलकी आणि वेगवान गोळी आपल्या रानडुकरावर चालेल काय? आपल्या उन्हाळ्याचा दारूवर काय परिणाम होईल? आणि आपल्याकडे काडतूस घरी भरता येते काय?

जागल्या

पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्टपणे नाही असे आहे. ज्या गुणासाठी ती गोळी बनवली आहे, तोच गुण येथे दोष ठरतो. पूर्ण वाढलेल्या नर डुकराच्या खांद्यावर जाड, चिवट कातडीची ढाल असते आणि तिच्याखाली भरीव हाड. किलोभराच्या खारीसाठी केलेली पातळ कवचाची गोळी त्या ढालीतच फुटेल, वरवर मोठी जखम करील आणि आतल्या मर्मापर्यंत पोहोचणार नाही. जखमी डुक्कर रात्री तुरीत शिरून बसते, आणि सकाळी त्याची गाठ निंदणाला आलेल्या बायांशी पडते. मी वीस वर्षे जागल केली आहे. मेलेल्या डुकरापेक्षा अर्धमेल्या डुकराने केलेले नुकसान अधिक पाहिले आहे. रोह्याचा नर तर दोनशे किलोंच्या घरात जातो, त्याच्याबाबत बोलायलाच नको.

डुकरासाठी गोळी जड, सावकाश पसरणारी आणि अखंड राहून खोल जाणारी हवी. आपल्याकडे परवान्यावर मिळणाऱ्या .315 रायफलची गोळी 244 ग्रेनची असते, म्हणजे धुरेकरी भाऊंच्या हिशेबाने सव्वा तोळ्याहून अधिक. तिचा वेग त्या वारमिंट गोळीच्या जवळपासही जात नाही, तरी डुकराच्या कामाला तीच योग्य आहे. दुनळीत छर्रे वापरायचे असल्यास मोठे, म्हणजे एलजी, आणि तेही तीस-पस्तीस पावलांच्या आत. एसजीचे छर्रे संख्येने जास्त असले तरी आकाराने लहान असतात, आणि अंतर वाढले की त्यांचे बळ लवकर ओसरते.

तालुका_वकील

तिसऱ्या प्रश्नापुरते लिहितो. शस्त्र अधिनियम, 1959 च्या कलम 5 नुसार परवान्याशिवाय शस्त्र वा दारूगोळा तयार करता येत नाही. पुष्कळांना वाटते की प्रेस व डाय (काडतूस भरण्याची साधने) किंवा रिकामी केस (काडतुसाचे धातूचे नळकांडे) बाळगण्यात काही गैर नाही, कारण त्यांत दारू नसते. परंतु अधिनियमातील दारूगोळ्याच्या व्याख्येतच त्याचे भाग आणि तो तयार करण्याची यंत्रसामग्री यांचा समावेश आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 5 च्या उल्लंघनाला किमान सात वर्षे आणि कमाल जन्मठेप अशी शिक्षा आहे. परदेशातून येताना कोणी हौसेने डायचा संच सामानात टाकून आणला, तर विमानतळावरच प्रकरण उभे राहील. आपल्या हाती पीकसंरक्षणाचा परवाना आहे याचा अर्थ काडतूस विकत घेण्याचा अधिकार आहे, ते बनवण्याचा नाही.

दुसरी बाब अशी की बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे. रानडुक्कर आणि नीलगाय, म्हणजे आपला रोही, हे दोन्ही वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 च्या 2022 मधील दुरुस्तीनंतर दुसऱ्या अनुसूचीत आहेत. उभ्या पिकाचे नुकसान होत असेल तर कलम 11 खाली लेखी परवानगी घेऊनच त्यांना मारता येते. अर्ज वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे करावा आणि त्याची पोच जपून ठेवावी.

वैनगंगाकाठ

माझी उमेदीची वर्षे भंडारा जिल्ह्यात दारूच्याच कामात गेली, त्यामुळे दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा मोह आवरत नाही.

दारू जितकी तापलेली असते तितकी ती अधिक वेगाने जळते, आणि तितका नळीतला दाब वाढतो. नेब्रास्कात हिवाळ्यात बर्फावर बसून जे माप निर्धोक ठरले, तेच माप आपल्या मे महिन्यात धोक्याच्या रेषेवर जाऊ शकते. नागपूरचा पारा 2013 च्या मे महिन्यात 47.9 अंशांपर्यंत गेला होता, आणि हे सावलीतले तापमान झाले. टिनाच्या छपराखाली किंवा उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेले काडतूस याहून किती तापत असेल, याची कल्पना ज्याने त्या टिनाला हात लावला आहे त्याला येईल.

सगळ्या दारू उष्णतेने सारख्याच बिघडत नाहीत. केवळ नायट्रोसेल्युलोजची ती एकघटकी आणि त्यात नायट्रोग्लिसरीन मिसळलेली ती दुघटकी, असा एक भेद. कणांच्या आकाराचा दुसरा. काही दारू तुटक्या शेवयांसारखी काडीदार असते, काही खसखशीसारखी गोल. खसखशीसारखी दारू मापातून सरसर आणि सारखी पडते, म्हणून शेकडो काडतुसे भरणाऱ्याला ती आवडते. या गोल कणांच्या दारू बहुधा दुघटकी असतात आणि त्यांतल्या जुन्या प्रकारांवर उष्णतेचा परिणाम अधिक दिसतो. शेवयांसारखी दारू मापात अडकते, कण कापले जातात, प्रत्येक माप तराजूवर तपासावे लागते. पण व्हार्गेटसारख्या काही काडीदार दारू मुद्दाम उष्णतेला दाद न देणाऱ्या बनवलेल्या आहेत. सोय हवी की ऋतुमानानुसार न बदलणारा वेग हवा, हे भरणाऱ्याने ठरवावे. मी स्वतः दुसऱ्या बाजूचा आहे.

एक गोष्ट येथे निक्षून सांगतो, कारण आपल्या भागात ठासणीच्या बंदुका अजूनही पीकसंरक्षणासाठी आहेत. ठासणीच्या बंदुकीत फक्त काळी दारू चालते. काडतूस फोडून काढलेली बिनधुराची दारू तिच्यात चिमूटभरही घालू नये.

जागल्या

वैनगंगाकाठ सरांच्या शेवटच्या वाक्याला माझ्याकडे साक्ष आहे. आमच्या शेजारच्या गावातील एका गृहस्थाने नेमके हेच केले होते. जुनी ओलसर काडतुसे फोडून आतली दारू त्यांनी काळ्या दारूच्याच मापाने ठासणीत भरली. नळी दस्त्याजवळ चिरली आणि डाव्या हाताची दोन बोटे गेली. बंदूक तशीच्या तशी ठाण्यात जमा आहे आणि ते गृहस्थ आता झटका मशीनवर शेत राखतात.

प्लॅटकाठ

मी तो पुतण्या. काकांनी धाग्याचा दुवा पाठवला म्हणून सदस्यत्व घेतले. काका, तुम्ही बहुतेक सारे बरोबर लिहिले आहे, पण मधली एक पायरी गाळली, आणि तिच्यावरच निम्म्या निवडी अडतात. ती म्हणजे नळीचा पीळ.

नळीच्या आत जे आटे असतात ते किती इंचांत एक फेरा पूर्ण करतात, यावरून ती नळी कोणती गोळी स्थिर ठेवील हे ठरते. तुम्ही पाहिलेल्या .22-250 चा पीळ चौदा इंचांत एक फेरा असा आहे, आणि या काडतुसाच्या जुन्या रायफलींत तोच रूढ होता. या पिळावर 55 ग्रेनपर्यंतच्या नेहमीच्या आखूड गोळ्या स्थिर राहतात. त्यापुढची लांब गोळी भोवरा मंदावल्यासारखी डुलू लागते आणि कागदावर आडवे भोक पाडते. माझ्या .223 चा पीळ आठ इंचांचा आहे, तिला 70 ग्रेनच्या वरच्या गोळ्याही मानवतात. खरे तर प्रश्न वजनाचा नसून लांबीचा आहे. ब्रिटिश गणितज्ञ सर जॉर्ज ग्रीनहिल यांनी 1879 साली यासाठी जे सूत्र मांडले, त्यातही गोळीची लांबी आणि व्यास हेच घटक आहेत. म्हणून शिशाऐवजी निव्वळ तांब्याची गोळी घेतली तर ती त्याच वजनाला अधिक लांब होते, आणि तिला अधिक घट्ट पीळ लागतो.

उलट बाजूचाही विचार करा. सेकंदाला 1100 मीटर वेगाने गोळी निघाली, तर चौदा इंची पिळात ती मिनिटाला सुमारे 1,85,000 फेरे घेते. हाच वेग आठ इंची पिळात असेल तर फेरे 3,24,000 च्या पुढे जातात. .22 हॉर्नेटसारख्या मंद काडतुसासाठी केलेली अतिपातळ कवचाची गोळी अशा फिरकीने हवेतच विरून जाते. मी हे स्वतः पाहिले आहे. निशाणापर्यंत काहीच पोहोचले नाही आणि वाटेत राखाडी रंगाची एक धूसर रेघ दिसली. तुम्ही विचाराल की मग सर्वांत हलकी, म्हणजे 40 ग्रेनची गोळी घेऊन प्रश्न का मिटवू नये. ती नळीतून सर्वांत वेगाने निघते हे खरे, पण हवेत तिचा वेग तितक्याच लवकर ओसरतो. व्ही-मॅक्सच्या 40 ग्रेनच्या गोळीचा बॅलिस्टिक गुणांक (हवेत वेग टिकवून धरण्याचे माप, जितके मोठे तितके चांगले) .200 आहे आणि 55 ग्रेनचा .255. आमच्याकडे वारा थांबत नाही. दोनशे मीटरपर्यंत हलकी गोळी सुरेख चालते, त्यापुढे वारा तिला बाजूला नेतो आणि जड गोळी जिंकते. त्यामुळे माझा क्रम असा असतो: कोणता प्राणी, किती अंतर, नळीचा पीळ काय, मग गोळी, आणि सर्वांत शेवटी दारू.

दारूचे माप मी कधीही ऐकीव घेत नाही, आणि काकांनी सांगितलेली 38 ग्रेनची कथा ही कथा म्हणूनच वाचावी, कारण आजची केस, आजची टोपी (केसच्या बुडात बसणारी, दारू पेटवणारी) आणि तुमची नळी त्या रायफलीची नव्हे. गोळी किंवा दारू बनवणाऱ्याच्या छापील पुस्तिकेत नेमकी तीच गोळी व तीच दारू शोधायची, किमान मापापासून आरंभ करायचा आणि थोडे थोडे वाढवत जायचे. टोपी चपटी होऊ लागली, बोल्ट (काडतूस आत सरकवून नळी मागून बंद करणारा दांडा) उचलायला जड जाऊ लागला किंवा केसच्या बुडावर चकचकीत ठसा उमटला, की मागे फिरायचे. बहुतेक वेळा सर्वांत अचूक माप सर्वांत वेगवान मापाच्या बरेच खाली सापडते, पण वेगाचा हव्यास सुटायला मला तीन वर्षे आणि एक नळी खर्चावी लागली. नावांच्या साम्यावर तर मुळीच विसंबू नये. एच4895 आणि आयएमआर 4895 या दोन वेगळ्या दारू आहेत. आडनाव एक म्हणून घर एक नसते.

वैनगंगाकाठ सरांनी उष्णतेचे लिहिले, त्यात एक भर घालतो. प्रेअरी डॉगच्या वस्तीवर एका सकाळी शंभर बार सहज होतात आणि नळी हात लावू देत नाही. अशा वेळी काडतूस आत सरकवून नेम धरत बसलो तर दारू बसल्या जागी भाजून निघते. म्हणून निशाण नक्की झाल्यावरच मी बोल्ट बंद करतो.

आणि एक चूक कबूल करतो. दोन वर्षांपूर्वी आवराआवर करताना मापात उरलेली दारू मी भलत्याच डब्यात ओतली. रंग तोच, आकार तोच. दुसऱ्याच क्षणी लक्षात आले, पण मिसळलेली दारू डोळ्यांनी वेगळी करता येत नाही. अख्खा डबा बाद करावा लागला. तेव्हापासून टेबलावर एका वेळी एकच डबा असतो.

तूर_आणि_कपाशी

प्लॅटकाठ, तुम्ही तांब्याच्या गोळीचा उल्लेख केला म्हणून विचारतो. ती शिशाहून महाग असणार, मग वापरतात कशासाठी?

प्लॅटकाठ

फुटलेल्या गोळीचे शिशाचे कण मेलेल्या प्राण्याच्या शरीरात राहतात आणि ते मांस खाणाऱ्या गिधाडांना व गरुडांना विषबाधा होते. कॅलिफोर्नियाने 1 जुलै 2019 पासून शिकारीत शिशाच्या गोळ्यांवर पूर्ण बंदी घातली आहे, तिथल्या कोंडोर गिधाडांचा त्यात मोठा वाटा आहे. आमच्या राज्यात मला शिसे वापरता येते. मी मेलेले प्राणी गोळा करून पुरतो, पण सगळेच हे करीत नाहीत.

धुरेकरी

सर्वांचे आभार. तीनही उत्तरे मिळाली आणि तीनही माझ्या अपेक्षेच्या विरुद्ध आहेत. वकीलसाहेबांच्या सूचनेप्रमाणे वनपरिक्षेत्र कार्यालयात अर्ज दिला आहे. दुनळीसाठी या वेळी एसजीऐवजी एलजीची काडतुसे मागवली आहेत, आणि टिनाच्या खोलीत लटकणारा काडतुसांचा पट्टा आतल्या मातीच्या खोलीत हलवला आहे. पीळ, गुणांक आणि दारूचे प्रकार यांतले काहीच मला येथे निवडायचे नाही हे कळले. तरीही दुकानदार जे देईल ते घेऊन येणारा मी आता डब्यावरचे वाचून घेईन.

बाळा, तुला एकच विचारायचे राहिले. तो बाद केलेला डबा तू शेवटी टाकला कुठे?

प्लॅटकाठ

काका, इथले जुने लोक अशी दारू अंगणात पातळ पसरून देतात, तिच्यात नत्र असते म्हणून. मीही मागच्या गवतावर पसरली आणि वरून पाणी सोडले.

धुरेकरी

गवत वाढले काय?

प्लॅटकाठ

वाढले असावे. मला दिसण्यापूर्वी प्रेअरी डॉगांनी खाल्ले.